दुर्बिणीखालची तिवई: हलू नये आणि लोकलमधूनही नेता यावी अशी

दुर्बीण घेताना सगळं लक्ष आरशाच्या नाहीतर भिंगाच्या व्यासाकडे जातं, त्यानंतर माउंटकडे, म्हणजे दुर्बीण धरून फिरवणाऱ्या भागाकडे. तिवई बहुतेक वेळा "सोबत येतेच" म्हणून घरी येते. मग पहिल्याच रात्री गुरू दीडशे पट मोठा करून बघताना फोकसच्या चाकाला नुसता हात लागला, तरी ग्रह आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, नाचू लागतो आणि दोष दुर्बिणीला दिला जातो. खरं तर अशा वेळी बहुतेक तक्रारींचं मूळ माउंटच्या खाली असतं.

आधी एक हिशेब बघू, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. गुरू पृथ्वीच्या जवळ असतो तेव्हा त्याची चकती आकाशात साधारण ४४ ते ५० आर्कसेकंद एवढी दिसते (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). एक मीटर लांबीच्या वस्तूचं एक टोक ०.१ मिलिमीटर हललं, म्हणजे ऑफिसातल्या साध्या कागदाच्या जाडीइतकं, तर तिची दिशा २० आर्कसेकंदांनी बदलते. गुरूच्या जवळजवळ अर्ध्या चकतीएवढा हा फरक झाला. म्हणून "हाताला तर घट्ट लागते" हा निकष तिवईला पुरत नाही. हाताला न जाणवणारी हालचाल डोळ्याला स्पष्ट दिसते, आणि कॅमेऱ्याला त्याहून स्पष्ट.

तिवई नेमकी कुठे हलते

पाय वाकतात म्हणून तिवई हलते, असा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. तिवईत हलण्याच्या जागा बऱ्याच असतात: पायाचं टोक आणि जमीन, पायाच्या आतली सरकणारी नळी आणि तिचा क्लॅम्प, पाय वरच्या पाटाला जोडणारा बिजागरीचा बोल्ट, पाट आणि माउंट यांच्यातला मधला बोल्ट, आणि शेवटी माउंटवरची दुर्बीण पकडणारी खाच. यांपैकी एक सांधा ढिला असला, तर बाकी सगळं कितीही जाडजूड असून उपयोग नाही. स्वस्त तिवयांमध्ये सर्वांत आधी दगा देते ती बिजागरी. तिथे ओतीव ॲल्युमिनियमचे दोन कान असतात, मधून बोल्ट जातो, आणि भोक बोल्टपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठं असतं. बोल्ट आवळला नाही की तेवढ्या अर्ध्या मिलिमीटरात पाय आडवा खेळत राहतो.

यावरचा उपाय स्वस्त आहे. कारखान्यातून आलेला साधा नट काढून नायलॉनची रिंग असलेला लॉकनट लावायचा आणि दोन्ही बाजूंना रुंद वॉशर घालायचे. बोल्ट इतका आवळायचा, की पाय आडवा धरून सोडला तर तो दाणकन न पडता हळूहळू खाली आला पाहिजे. साधा नट प्रवासाच्या धक्क्यांनी पुन्हा सैल होतो, लॉकनट बसवलेल्या जागी राहतो. तीन बोल्ट, तीन लॉकनट, सहा वॉशर, एवढं सामान मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर कुठल्याही नट-बोल्टच्या दुकानात मिळतं. जाताना जुना बोल्ट बरोबर न्यावा, कारण आटे मेट्रिक आहेत की इंची हे नजरेनं कळत नाही.

आता पायांचं वाकणं. इथे दोनच नियम लक्षात ठेवावे लागतात. पहिला लांबीचा: पाय दुप्पट लांब केला, तर तेवढ्याच आडव्या जोराखाली त्याचं टोक आठपट वाकतं. दुसरा जाडीचा: पत्र्याची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर ताठपणा जवळजवळ आठपट वाढतो. त्यामुळे २५ मिलिमीटरच्या नळीची पूर्ण उघडलेली उंच तिवई आणि ५० मिलिमीटरच्या नळीची आखूड तिवई यांची तुलनाच होत नाही. विकत घेताना मोजपट्टी घेऊन जा आणि सर्वांत बारीक नळीचा व्यास मोजा. वरची जाड नळी जाहिरातीत दिसते, भार मात्र खालच्या बारीक नळीवरूनही जमिनीत जात असतो.

म्हणूनच बसून बघण्याची सवय लावून घ्यावी. पायांच्या आतल्या नळ्या अजिबात बाहेर न काढता, माउंट कमरेच्या उंचीवर ठेवून, खाली एक स्टूल घेतलं, की तीच तिवई वेगळ्याच दर्जाची वाटते. नळ्या काढाव्या लागल्याच तर थोड्याच, आणि तीन टप्प्यांची तिवई असेल तर शेवटची, सर्वांत बारीक नळी आतच ठेवावी.

पोलाद, ॲल्युमिनियम की लाकूड

पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठ आहे, पण तिप्पट जडही आहे. म्हणजे वजनाच्या हिशेबात दोघं सारखेच पडतात. फरक पडतो तो नळीच्या आकारानं. चांगली जाड, रुंद ॲल्युमिनियमची नळी बारीक पोलादी नळीपेक्षा ताठ असू शकते. बाजारात मात्र उलट चित्र दिसतं, कारण सुरुवातीच्या दुर्बिणींबरोबर येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या तिवया पातळ पत्र्याच्या, चौकोनी खाचांच्या पट्ट्यांपासून केलेल्या असतात. त्या पिळल्या की सहज वळतात. मध्यम माउंटबरोबर येणारे पावणेदोन इंची पोलादी पाय आणि मोठ्या माउंटबरोबरचे दोन इंची पोलादी पाय मात्र विश्वासाचे असतात. दोन इंची पोलादी तिवईचं वजन साधारण साडेसात किलो भरतं, हे खांद्यावर घेण्याआधी लक्षात असू द्या.

लाकडाची गंमत वेगळी आहे. ताठपणात ते धातूच्या मागे आहे, पण ते हलकं असल्यामुळे तेवढ्याच वजनात पाय खूप जाड करता येतो. शिवाय लाकूड कंपनं स्वतःच गिळतं. धातूची नळी टिचकी मारल्यावर घुमत राहते, तर लाकडी पाय लगेच शांत होतो. जर्मनीतली बर्लेबाख कंपनी ॲश लाकडाच्या तिवया बनवते, त्यामागचं कारण हेच. आपल्याकडे जमीन मोजणाऱ्या सर्व्हेवाल्यांच्या लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या तिवया मिळतात. त्या उन्हापावसात राबण्यासाठीच केलेल्या असतात, पायांना लोखंडी अणकुचीदार टोकं असतात आणि पायाने दाबायला खुंटी असते. त्यांचा मधला बोल्ट ५/८ इंची, ११ आट्यांचा असतो, तर फोटोच्या तिवयांचा ३/८ इंची, १६ आट्यांचा. त्यामुळे मध्ये एक जोडपाट करून घ्यावा लागतो: १० ते १२ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची गोल चकती, एका बाजूला सर्व्हे-तिवईच्या आट्याचं भोक, दुसऱ्या बाजूला माउंटच्या तळाशी बसणारी खाच. कुर्ला किंवा साकीनाक्याचा लेथवाला माउंट समोर ठेवला तर हे काम बरोबर करून देतो. नुसत्या मापाच्या चिठ्ठीवर हे काम देऊ नका, खाचेत अर्धा मिलिमीटर ढिलाई राहिली तर सगळा खटाटोप वाया जातो.

फोटोग्राफीच्या तिवईवर "भारक्षमता १५ किलो" असं लिहिलेलं असतं. हा आकडा तिवई कोसळणार नाही एवढंच सांगतो. ती थरथरेल की नाही, याबद्दल तो काहीच बोलत नाही. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला ती उत्तम चालेल, कारण त्याच्या लेन्सपुढे गुरू चाळीस आर्कसेकंदांचा नसतो. फोटो काढायचे असतील तर माउंटच्या सांगितलेल्या क्षमतेच्या निम्म्या ते दोन तृतीयांश भारापुढे जाऊ नये, आणि तिवईने तर माउंटसकट सगळा भार सहज पेलला पाहिजे. तिवईवरच्या भारात दुर्बीण, कॅमेरा, माउंट, काउंटरवेट (दुर्बिणीचा तोल साधणारं वजन), बॅटरी, सगळं धरा. लोक नुसती दुर्बीण मोजतात. मोठ्या विषुववृत्तीय माउंटचं, म्हणजे ताऱ्यांच्या मागोमाग एकाच अक्षावर फिरणाऱ्या माउंटचं, डोकंच सतरा किलोंच्या घरात असतं, आणि वर पाच-पाच किलोंची दोन काउंटरवेट.

मुंबईचं अक्षांश १९ अंश, आणि त्याचा त्रास

परदेशी माहितीत ही गोष्ट सापडत नाही, कारण ती लिहिणारे बहुतेक ४० ते ५० अंशांवर राहतात. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर असतो. म्हणजे विषुववृत्तीय माउंटचा ध्रुवाक्ष, ध्रुवाकडे रोखायचा त्याचा मुख्य अक्ष, जवळजवळ आडवा करावा लागतो. त्यातून तीन अडचणी निघतात.

पहिली तोलाची. अक्ष आडवा झाला की माउंटचं डोकं, दुर्बीण आणि काउंटरवेट हे सगळं ओझं तिवईच्या मध्यापासून उत्तरेकडे झुकतं. पायांची टोकं एकमेकांपासून एक मीटरवर असतील, तर मध्यापासून पायाच्या टोकापर्यंतचं अंतर सुमारे ५८ सेंटीमीटर असतं, पण दोन पायांच्या मधल्या बाजूला तिवईची कड फक्त २९ सेंटीमीटरवर असते. म्हणून एक पाय बरोबर उत्तरेला असलाच पाहिजे. उत्तरेला दोन पायांची मधली बाजू ठेवली आणि रात्री कोणाचा धक्का लागला, तर तिवई त्याच बाजूला कलंडणार.

दुसरी अडचण पहिलीच्या उपायातूनच उभी राहते. दुर्बीण ध्रुवाकडे रोखलेली असताना काउंटरवेटचा दांडा खाली लोंबतो, आणि १९ अंशांवर तो उभ्या रेषेपासून फक्त १९ अंश उत्तरेकडे कललेला असतो. उत्तरेचा पायही साधारण त्याच कोनात बाहेर जात असतो. दोघं जवळजवळ समांतर, आणि काउंटरवेट जाडजूड. ते पायाला घासतं, कधी थेट आपटतं. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे दांड्याच्या टोकाला दोन छोटी वजनं लावण्याऐवजी एक जड वजन अक्षाच्या जवळ लावायचं. याचा दुसराही फायदा आहे: वजन अक्षाजवळ असलं की धक्क्यानंतर माउंट लवकर स्थिर होतो. दुसरा उपाय म्हणजे तिवई आणि माउंट यांच्यामध्ये १५ ते २० सेंटीमीटर उंचीचा नळीचा तुकडा बसवायचा. हा तुकडा किमान १०० मिलिमीटर व्यासाचा असावा. तेवढी जाड, आखूड नळी स्वतः वाकत नाही, पण तिचे बोल्ट मात्र प्रत्येक वेळी तपासावे लागतात, कारण आता एक सांधा वाढला.

या तुकड्याचा आणखी एक उपयोग मुंबईतच कळतो. कृत्तिका आपल्या डोक्यावरून जेमतेम पाच अंशांवरून जातात, रोहिणी तर त्याहून जवळून. हिवाळ्यातलं निम्मं चांगलं आकाश इथे जवळजवळ खस्वस्तिकात, म्हणजे थेट डोक्यावर, असतं. लांब नळीची भिंगाची दुर्बीण तिकडे रोखली, की तिचं मागचं टोक तिवईच्या पायाला लागतं, आणि ते नेमकं मध्यान्हवृत्त, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडताना. माउंटला मोटार असेल तर ती नळी पायावर रेटत राहते. मध्ये २० सेंटीमीटर मिळाले की बहुतेक वेळा हा प्रश्न सुटतो.

तिसरी गोष्ट माउंटची, पण तिवईबरोबरच बघून घ्यावी. काही माउंटची कोन-पट्टी २० अंशांच्या खाली नीट जात नाही. घेण्याआधी १९ पर्यंत जातो का, हे स्वतः फिरवून बघा. आणि पूर्ण भार असताना उंचीचा बोल्ट नुसता पिळू नका. अक्ष जितका आडवा तितका त्या बोल्टवर भार जास्त, आणि तो वाकतो. एका हातानं डोकं थोडं उचलून धरा, मग दुसऱ्या हातानं बोल्ट फिरवा.

घेण्याआधीची परीक्षा

आकाशाशिवाय, दिवसाढवळ्या तिवई तपासण्याची एक पद्धत फार उपयोगी आहे. इमारतीचा लांब पॅसेज पुरतो. तिवई हवी त्या उंचीवर उभी करा. साधा, कमी शक्तीचा प्रेझेंटेशनचा लेझर पॉइंटर वरच्या पाटावर चिकटपट्टीनं घट्ट बसवा आणि दहा मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडा. वाटेत कोणी येणार नाही आणि लेझर कोणाच्या डोळ्यांत जाणार नाही, याची काळजी घ्या. ठिपक्याच्या कडेनं कागदावर पेन्सिलीनं खूण करा. आता सामान मोजायचा लटकता काटा पाटाला अडकवा आणि आडवा, एक किलोचा आकडा येईपर्यंत ओढा. ठिपका किती मिलिमीटर सरकला ते मोजा. दहा मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे २० आर्कसेकंद.

मग काटा हळूच सोडा आणि ठिपक्याकडे नीट बघा. तो परत खुणेवर आला का? आला नाही, दोन मिलिमीटर बाजूलाच राहिला, तर कुठला तरी सांधा ढिला आहे. खुणेवर आला, पण येण्याआधी इकडून तिकडे बराच वेळ झोके घेत राहिला, तर सांधे ठीक आहेत, पाय बारीक किंवा फार लांब आहेत. पहिला दोष पाना घेऊन दुरुस्त होतो. दुसरा दुरुस्त होत नाही, त्यासाठी तिवई बदलावी किंवा आखूड करावी लागते. ओढताना एकदा पाट सरळ ओढा, आणि एकदा पिळण्याच्या दिशेने, म्हणजे पाटाच्या कडेवर, वर्तुळात फिरवल्यासारखा. बहुतेक तिवया सरळ ओढीला टिकतात आणि पिळण्याला हरतात, कारण पिळलं की तिन्ही पाय एकाच वेळी आडवे वाकतात.

दुर्बीण चढवल्यावरची परीक्षा आणखी सोपी आहे. दीडशेच्या आसपास मोठेपणात तेजस्वी तारा धरा, नळीला बोटानं टिचकी मारा आणि तारा शांत होईपर्यंत सेकंद मोजा. एक-दोन सेकंद उत्तम. तीन चालतात. पाचाच्या पुढे गेलं तर काहीतरी करायलाच हवं. मग एकेक सांधा दुसऱ्याला हातानं घट्ट धरायला सांगून पुन्हा टिचकी मारा: आधी बिजागरी, मग पायाचा क्लॅम्प, मग तिन्ही पायांना मधोमध पसरून धरणारी थाळी. ज्या सांध्याला धरल्यावर वेळ एकदम कमी होतो, दोष तिथे.

नवीन घेण्याआधी वेगवेगळ्या तिवयांना हात लावून बघायचा असेल, तर खगोल मंडळासारख्या संस्थांच्या आकाशदर्शनाला जावं. एका मैदानात चार-पाच प्रकारच्या तिवया उभ्या असतात, आणि मालकाला विचारून टिचकी मारून बघता येते. दुकानातल्या काचेआडच्या तिवईपेक्षा हे केव्हाही चांगलं.

कोणासाठी कोणती

वांगणी किंवा त्या बाजूला लोकलनं जाणाऱ्याला वजन आणि बंद केलेली लांबी या दोन गोष्टी ठरवून टाकाव्या लागतात. तिवई, माउंट आणि दुर्बीण मिळून एका माणसाला पंधरा किलोंच्या पुढे पेलत नाहीत, विशेषतः वांगणी स्टेशनच्या पुढे रिक्षा आणि मग बांधावरून चालणं असेल तर. बंद केल्यावर ८० सेंटीमीटरपर्यंतची तिवई उभी करून दोन पायांमध्ये धरता येते, त्यापेक्षा लांब असेल तर लगेज डब्यात जाणंच शहाणपणाचं. अशा प्रवासासाठी लहान, ८० मिलिमीटरच्या आसपासची भिंगाची दुर्बीण, हलका माउंट आणि जाड पण आखूड ॲल्युमिनियमची किंवा लाकडी तिवई, ही जोडी मला सर्वांत योग्य वाटते. उंच तिवई नेऊन ती अर्धी उघडण्यापेक्षा आखूड तिवई आणि घडीचं स्टूल नेलेलं बरं.

गाडी असेल तर पोलादी दोन इंची पायांची तिवई घ्या आणि विषय संपवा. डोळ्यांनीच बघायचं असेल, फोटो नको असतील, तर आधी डॉब्सोनियन दुर्बिणीचा विचार करा. तिला तिवई लागतच नाही, ती जमिनीवरच्या रुंद लाकडी पाटावर फिरते, आणि तेवढ्याच पैशात मोठा आरसा मिळतो.

गच्चीवरून बघणाऱ्यांसाठी तिवईऐवजी सुट्या भागांचा खांब हा उत्तम पर्याय आहे. तो करूनही घेता येतो. लागतं ते एवढं: १०० मिलिमीटर नॉमिनल, मध्यम दर्जाचा एमएस (साध्या पोलादाचा) पाइप, म्हणजे बाहेरचा व्यास ११४.३ मिलिमीटर आणि जाडी ४.५ मिलिमीटर. मीटरला साधारण १२ किलो वजन भरतं, म्हणून ८० सेंटीमीटरचा तुकडा दहा किलोंच्या आत येतो. त्याला वर आणि खाली १० मिलिमीटर जाडीच्या चकत्या वेल्ड करायच्या. खालच्या चकतीला बोल्टनं जोडलेले तीन आडवे पाय, प्रत्येकी ५० सेंटीमीटर लांब, ४० बाय ४० चौकोनी नळीचे. प्रत्येक पायाच्या टोकाला खाली-वर करता येणारा बोल्ट, आणि पायाच्या टोकाजवळून खांबाच्या वरच्या भागापर्यंत एक टर्नबकल, म्हणजे पिळून ताणता येणारा दांडा. हे टर्नबकल टाळू नका. त्याच्याशिवाय पाय आणि खांब यांच्या सांध्यावर सगळा पीळ येतो आणि खांब डोलतो. टर्नबकल आवळलं की तिन्ही पाय ताणाखाली येतात आणि खेळ संपतो. वेल्डिंग झाल्यावर वरची चकती लेथवर एकदा सपाट करून घ्या, कारण वेल्डच्या उष्णतेनं ती हमखास वाकते.

खांबात कोरडी वाळू भरली तर घुमणं कमी होतं. ८० सेंटीमीटरच्या या पाइपात साधारण ११ किलो वाळू मावते. ती कायमची भरू नका. कापडी पिशव्यांत भरून आत सोडा, म्हणजे उतरवताना काढता येते. समुद्राची वाळू तर अजिबात नको, तिच्यातल्या मीठामुळे पाइप आतून गंजतो आणि ते कळतही नाही.

पायाखाली काय आहे

गच्चीवर जागा निवडताना स्लॅबच्या मधोमध उभं राहू नका. स्लॅब मध्ये सर्वांत जास्त लवतो, तुमच्या पावलांनीही. कॉलमच्या डोक्यावर किंवा बीमच्या रेषेत तिवई ठेवा. खालच्या मजल्यावरचे कॉलम कुठे आहेत, हे जिन्यातून उतरताना बघून घेता येतं. लिफ्टची मशीन-रूम आणि पाण्याच्या टाकीचा पंप यांच्यापासून दूर राहा. बाहेर काढलेली बाल्कनी आणि छज्जा ही सर्वांत वाईट जागा आहे, तिथे पायाखालचं काँक्रीटच एका बाजूनं अधांतरी असतं. रेल्वेरुळांजवळच्या इमारतींत गाडी जाताना तारा थरथरतो, त्यावर तिवईचा इलाज नाही, गाडी जाऊ द्यावी. गच्चीच्या टणक कोब्यावर तिन्ही पायांखाली रबराचे पॅड ठेवले तर टिचकीनंतरचा वेळ कमी होतो. वॉशिंग मशीनखाली ठेवतात तसे जाड पॅडही चालतात. फोटोसाठी मात्र फार मऊ पॅड नको, भारानं ते रात्रभर हळूहळू दबत राहतात.

गावाकडे प्रश्न उलटा असतो. भातकापणीनंतरचं खाचर वरून टणक दिसतं, आत ओल असते. पायाचं दोन सेंटीमीटर व्यासाचं टोक तेरा किलोंच्या भाराखाली तिथे हळूहळू खचतं. तीन पाय एक मीटर अंतरावर असतील आणि त्यातला एक फक्त एक मिलिमीटर खचला, तर ध्रुवाक्ष चार आर्कमिनिटांनी (एक आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकतो. संध्याकाळी तासभर मेहनत करून केलेलं पोलर अलाइनमेंट, म्हणजे ध्रुवाक्ष ध्रुवाकडे नेमका रोखणं, असं गपचूप जातं. उपाय म्हणजे १५ सेंटीमीटर चौरस, १८ मिलिमीटर जाडीचे मरीन प्लायचे तीन तुकडे. प्रत्येकाच्या मध्ये एक रुंद वॉशर चिकटवा, म्हणजे टोक सरकत नाही. भार सत्तरपट जागेवर पसरतो, आणि तीन तुकड्यांचं वजन किलोच्या आत राहतं. कातळावर याची गरज नाही, तिथे टोकं थेट ठेवा.

उभारताना क्रम असा ठेवा: एक पाय उत्तरेला, पाय पूर्ण पसरवून मधली थाळी घट्ट, मग बबल बघून दक्षिणेच्या दोन पायांनी समतल. माउंट चढवा, काउंटरवेट आधी, दुर्बीण नंतर. उतरवताना उलट, दुर्बीण आधी. सगळा भार चढल्यावर क्लॅम्प आणि थाळी पुन्हा एकदा आवळा, आणि पंधरा-वीस मिनिटं थांबून मगच ध्रुवताऱ्याकडे वळा. पाय जेवढे बसायचे तेवढे या वेळात बसतात.

वजन वाढवण्यासाठी मधोमध पिशवी टांगण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. वाऱ्यात ती पिशवीच झुलते आणि झोके तिवईला देते. पाण्याच्या बाटल्या, बॅटरी, जे असेल ते थाळीवर टेकवून ठेवा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी १८ किलोमीटरचा वारा २० सेंटीमीटर व्यासाच्या, ९० सेंटीमीटर लांब नळीवर पाव किलोहून थोडा जास्त जोर देतो, झुळूक दुप्पट झाली की किलोहून जास्त. कठड्याच्या किंवा गाडीच्या आडोशाला बसणं हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे, आणि फुकटचा.

पावसाळ्यातली निगा

जून ते सप्टेंबर तिवई कोपऱ्यात उभी राहते आणि खरं नुकसान तेव्हाच होतं. खाऱ्या, दमट हवेत पोलादी पायांच्या क्रोमला आधी बारीक ठिपके पडतात, मग आतली नळी अडकते. पाय पूर्ण उघडून पुसा, आतल्या नळीवर मशीन ऑइलचा पातळ हात द्या, आणि पिशवीत न ठेवता मोकळ्या हवेत ठेवा. ॲल्युमिनियमच्या आट्यांत बसलेले स्टेनलेसचे बोल्ट या हवेत जाम होतात, त्यांना ग्रीस लावून वर्षातून एकदा फिरवून ठेवायलाच हवं. लाकडी पायांवर, विशेषतः कापलेल्या टोकांवर, पॉलियुरेथेनचे दोन हात द्या, पाणी तिथूनच शिरतं. ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी झाली की फुगलेलं लाकूड आकसतं आणि बिजागरीचे बोल्ट आपोआप सैल पडतात. त्यामुळे पहिल्या दौऱ्याला निघण्याआधी पाना घेऊन सगळे सांधे आवळून घ्या आणि पॅसेजमधली ती लेझरची परीक्षा एकदा पुन्हा करा.